एका रेघेचा सुतार

चंदगड, १२ जानेवारी २०२५

अक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की तू हे पत्र न फोडताच फेकून देशील, असं संयोगिता म्हणते. एवढी वर्षं तुझी भावजय हाय, पण तिला तू अजून कळली न्हाईस. तू आधी वाचणार, मग फेकणार.

'पत्र लिहिण्यास कारण की' अशी सुरुवात करायला आपल्याला गुरुजींनी शिकवलंय. कारण हाय, पण ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर बाकीचं तू वाचायची न्हाईस. फोन मुद्दाम केला न्हाय. फोनवर आपण दोघं दुसऱ्या वाक्याला भांडतो आणि तिसऱ्याला ठेवून देतो. कागदावर निदान तू मध्ये बोलत न्हाईस.

आईच्या उत्तरकार्याला तुझ्या घरातनं मी ताटावरनं उठून आलो, त्याला वर्षं झाली. मधल्या काळात मी एसटीतनं रिटायर झालो. कंडक्टरकी संपली. आता मी लोकांना पाखरं दाखवतो. हसलीस ना? हस. कोल्हापूर, बेळगाव, गोवा, कुठनं कुठनं माणसं येतात, गळ्यात हातभर लांब कॅमेरे अडकवून. जंगलात पुढं मी, मागं ती. "जोतीराम काका, हा कुठला?" मी नाव सांगितलं की विषय संपला. माझ्या शब्दावर कोण दुसरं बोलत न्हाय. बोलत नव्हतं.

हे सगळं मी शिकलो ते पारगडच्या मुक्कामाच्या गाडीवर. गाडी रात्री गावात थांबायची आणि आम्ही गाडीतच आडवं व्हायचो. आमचा ड्रायव्हर लालासाब चहा हातात येईपर्यंत घोरायचा. मला उजाडायच्या आत जाग यायची, आणि पहिल्या फेरीला तर वेळ असायचा. करायचं काय? झाडाकडं बघत बसायचो. एका सकाळी टक टक टक सुरू झालं. मला वाटलं लालासाब उठला आणि माझा तिकिटाचा पंच घेऊन दांडीवर वाजवतोय. खाली उतरून बघतोय तर फणसाच्या खोडावर सुतार पक्षी. तिथनं जे याड लागलं ते लागलं.

तुला वाटेल, सुतार म्हणजे सुतार, त्यात ओळखायचं काय. न्हाय अक्का. आमच्या रानात सोनेरी पाठीचे दोन सुतार हायत, दिसायला अगदी भावाभावासारखे. दोघांची पाठ सोनेरी, दोघांच्या नराला लालभडक तुरा, शेपटीच्या वरची जागा दोघांचीही लाल. पुस्तकातली नावं लांबलचक हायत, मी आपलं थोरला आणि धाकटा म्हणतो. थोरल्याच्या गालावर चोचीपासून खाली दोन बारीक काळ्या रेघा, मध्ये पांढरं. धाकट्याच्या गालावर एकच रेघ, जाडसर. थोरल्याची मान मागनं पांढरी, धाकट्याची काळी. थोरल्याच्या पायाला चार बोटं, धाकट्याच्या तीनच. पण बोटं कोण दाखवत बसतंय? आणि मान बघायची तर त्यानं नीट पाठ द्यायला पाहिजे, आणि हे बेणं खोडाच्या पल्याड सरकण्यात पटाईत. म्हणून मी आधी गाल बघतो. रेघ एक का दोन, संपला विषय.

कंडक्टरला हे जमतंच. वाटेवरच्या हेरे गावची जुळी पोरं होती, विजयसिंह आणि उदयसिंह. विजयसिंहच्या एकाच पासवर दोघं आळीपाळीनं यायची. लालासाब फसायचा, मी न्हाय. विजयसिंहच्या उजव्या कानाच्या पाळीला चीर होती. मी कान बघायचो आणि उदयसिंहला तिकीट फाडायचो. पोरगं रडकुंडीला यायचं.

आता कारण. लालासाब हल्ली माझ्याबरोबर रानात फिरतो. त्याला काहीतरी झालंय. त्याला धाकट्याच्या गालावर दोन रेघा दिसतात. लोकांपुढं छातीठोक सांगतो, हा थोरला. आणि फोटोत बघावं तर धाकटा. असं एकदा न्हाय, बरेचदा झालंय. शिवाय चष्मा कुठं ठेवला ते आठवत न्हाय, परवा दूध गॅसवर ठेवून गावात निघून गेला. त्याला भीती वाटतीय, की हे डोक्याचं हाय. म्हणून त्यानं मला विचारलं आणि मी तुला विचारतोय. आपल्या आईचं तुला पहिल्यांदा कशावरनं कळलं? शेवट मी बघितलाय, तो नको. अगदी सुरुवातीचं सांग. तेव्हा तिच्याजवळ तू एकटीच होतीस. लालासाबला तेवढंच बरं वाटेल.

बाकी ठीक. काजूला मोहोर बरा हाय.

जोतीराम

इचलकरंजी, २० जानेवारी

जोत्या,

पत्र पोचलं. फेकलं न्हाय.

लालासाबला भैनी हायत की. त्याच्या घरातल्या म्हाताऱ्यांचं त्यानं त्यास्नी इचारावं. माज्या आईचं त्याला कशाला पायजे? कुनाच्या डोक्याचं इचारतोयस ते सरळ लिही. न्हायतर परत लिहू नगंस, मला वाचाय चष्मा शोधाय लागतोय.

शालू

चंदगड, २७ जानेवारी

अक्का,

बरं. मी. माझंच हाय.

लालासाब बिचाऱ्याला सुतार आणि कावळा यातला फरक कळत न्हाय, त्याला रेघा कुठल्या दिसायला. तो रानात येतो तो डबा खायला.

झालं ते असं. दिवाळीनंतर कोल्हापूरचा राजवर्धन आलता, त्याची बायको क्रांती आणि दोघं-तिघं मित्र घेऊन. राजवर्धन नेहमीचा, कामाचा पोरगा. माझ्याकडं एक जुना स्कोप हाय, म्हणजे तिकाटण्यावर ठेवून एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण. गोव्याच्या एका पाहुण्यानं मला बक्षीस दिलीय. किंजळाच्या खोडावर सुतार बसलेला. मी स्कोप लावला, बघितलं, गालावर दोन रेघा. म्हटलं, "या, थोरला बघून घ्या." राजवर्धननं डोळा लावला आणि म्हणाला, "काका, एकच रेघ दिसतीय की."

पाखरू जागचं हललेलं न्हाय. स्कोप तोच. मी परत डोळा लावला. दोन! अगदी नीट, मध्ये पांढरं. मी त्याच्यावर खेकसलो, "नीट बघ, डोळे कुठं ठेवून आलायस?" त्यानं गप फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर मोठा करून मला दाखवला. एक रेघ. मलाही एकच दिसली. पाखरानं मान वळवली, तीही मागनं काळी. चक्क धाकटा.

मग मी काय केलं माहीत हाय? म्हटलं, मघाचा उडाला, हा दुसरा येऊन बसलाय. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. राजवर्धन भला पोरगा, "व्हय व्हय, असेल" म्हणाला. पण क्रांती माझ्याकडं बघत राहिली. आई काहीतरी भलतंच बोलली की तुझ्या शेजारणी बघायच्या, तसंच.

त्यानंतर मी एकटा जाऊन बघून आलो. काच पुसली, जागा बदलली, ऊन कुठनं येतंय ते बघितलं. दर वेळी धाकट्याला दोन रेघा. स्कोपला मोबाइल लावून काढलेला फोटो घरी येऊन बघितला की एक. डोळ्यांचं म्हणावं तर मी पेपर वाचतो, लांबनं गाडीची पाटी वाचतो, सुईत दोरासुद्धा ओवून देतो हिला. डोळे चांगले हायत माझे. मग रानात मी जे बघतो ते येतं कुठनं? तुला आठवतंय, आईला शेवटी शेवटी कोपऱ्यात माणसं बसलेली दिसायची. तू मला सांगायचीस आणि मी म्हणायचो, पदर-बिदर वाळत घातला असेल, म्हातारी चुकली असेल. आता मला नसलेली रेघ दिसतीय. आज रेघ, उद्या माणसं.

फेब्रुवारीत आमच्या भागात पाखरांची मोजणी हाय. बाहेरनं माणसं येणार, मी म्हणेन ते धरलं जाणार. गुडघा दुखतोय म्हणून कळवलंय. गुडघ्याला धाड भरलेली न्हाय. संयोगिताला यातलं काही सांगितलेलं न्हाय. ती तुझ्यासारखी न्हाय, ती रडेल. मी रात्री गॅसचं बटण बघायला उठतो आणि ती म्हणते, किती ती काळजी घराची.

मला भीती वाटतीय अक्का. लई भीती वाटतीय. पाखराचं नाव चुकलं तर चुकू दे, जग बुडत न्हाय. पण एक दिवस मी हिच्याकडं बघून "बाई, तुम्ही कोण?" म्हणालो तर?

आई तुला तसं म्हणायची आणि मला मात्र ओळखायची. म्हणूनच मी म्हणत होतो की तिला काही झालेलं न्हाय. त्यावर तू उत्तरकार्याला सगळ्या पाव्हण्यांसमोर म्हणालीस, "तुला वळखंल न्हाय तर काय, तू सनाला येनारा पावना." ते मला लागलं. अजून लागतंय. पण आज तो विषय न्हाय. पहिली खूण सांग. जशी असेल तशी सांग, माझ्यासाठी गोड करून लिहू नको.

जोतीराम

इचलकरंजी, ५ फेब्रुवारी

जोत्या,

गप बस आन नीट वाच.

आईची पैली खून. तिनं आमटी केली आन त्यात डाळच घातली न्हाय. नुसतं फोडनीचं पानी. सगळ्यांच्या पानावर वाढलं. मी म्हटलं, आई, डाळ इसरलीस. तर म्हनाली, "हाय की डाळ. खा." आन सवता भुरके मारत मजेत खाल्लं. चुकली म्हनून मी भ्याले न्हाय. चुकतंय सगळ्यांचं. पन दाखवल्यावरबी तिला कळंना, आन त्याचं तिला काय वाटंना, तवा भ्याले.

तुला कळतंय. एकच रेघ हाय म्हनून फोटोत तूच बघितलंस. कळल्यावर भ्यालास, खोटं बोललास, परत परत रानात जाऊन बघून आलास, काच पुसलीस. आई आमटीत एकदाबी पळी घालून बघाय गेली न्हाय. मी डाक्टर न्हाय. पन मी आईला बघितलंय आन तुला जनमल्यापासनं बघतीया.

चष्मा इसरतोयस म्हन. शाळंत दप्तर इसरून मोकळ्या हातानं घरी कोन यायचं? आंबोलीला गेलतो तवा पायातल्या चपला झऱ्यावर सोडून अनवानी कोन आलतं? तुजं डोस्कं आधीपासनंच असलं हाय. त्यात नवीन काय बिघडाय शिल्लक न्हाय.

आता दुसरं. हे कुनाला म्हाईत न्हाय.

मी अजून कांडी मशीनवर जाते. मोठ्या कोनावरचं सूत बारक्या कांडीवर भरायचं, तुटलं की टोक धरून गाठ मारायची, एवढंच काम. डोळं झाकून करीन असं. तर दोन वर्सामागं मला एका सुताची दोन सुतं दिसाय लागली. टोक धराय जायाची आन हात हवेत. जे नव्हतं तेच सूत धरत होते मी. परत धराय जायाची, परत हवेत. कांड्या तशाच फिरत ऱ्हायाच्या. मला बी वाटलं, झालं, आईचं माज्यात आलं. पोराला सांगावं तर काम सोडाय लावंल. सुनंला सांगावं तर ती माज्याकडं तसंच बघंल. तुला सांगावं तर तू ताटावरनं उठून गेलावतास. अर्धं वरीस मी येकटीनं काढलं. रोज येताना घरचा रस्ता तोंडानं म्हनत यायाची, इसरतोय का बघाय.

शेजारच्या मशीनवर मेहमुदा हाय. तिनं बघितलं, मी मान वाकडी करून सूत शोधतीया. म्हनाली, "शालू, एक डोळा झाक की गं." झाकला, तर सूत एक. दुसरा झाकला, तर दोन. मोतीबिंदू! डोस्क्याला काय बी झाल्यालं नव्हतं. डाक्टरकडनं आल्यावर मी मेहमुदाच्या गळ्यात पडून रडले. ती म्हनाली, एवढं कशाला रडतीस, मोतीबिंदू तर हाय. तिला काय सांगनार.

तर आता तू. पाकिटात काळं सूत घातलंय. पांढऱ्या भितीला उभं चिकटव आन जरा लांब जाऊन बघ. आधी उजवा डोळा झाक, मग डावा. दोन्ही उघडं ठिवून बघू नगंस. माजा डोळा लईच बिघडल्याला, म्हनून दोन्ही उघडं असूनबी मला दोन दिसायची; तुजा चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतोय, म्हनून पेपर वाचाय येतोय तुला. तुजी दुर्बीन एका डोळ्याची हाय म्हनतोयस न्हवं? कुठला डोळा लावतोस त्याला?

बघ आन कळीव. लगेच कळीव.

आन त्या दिवशी तू सोडल्यालं ताट मी संपवलं. सगळी पावनी गेल्यावर बसून. आईच्या नावाचं अन्न वाया घालवनार व्हय?

शालू

चंदगड, ११ फेब्रुवारी

अक्का,

दोन! दोन! अक्का, दोन!

तुझं सूत भाताच्या शितानं सोप्याच्या भिंतीला चिकटवलं. पाकीट इतक्या घाईनं फाडलं की सूत खाली पडलं आणि शोधायला वेळ गेला. उजवा डोळा झाकला, डाव्यानं बघितलं. एक सूत. मग डावा झाकला. दोन सुतं, शेजारी शेजारी, मध्ये पांढरी भिंत. थोरल्याचा गालच जणू! मी उठून जवळ गेलो, हातानं चाचपलं. सूत एकच. मीच चिकटवलेलं. परत मागं आलो, परत उजवा डोळा, परत दोन. स्कोपला मी आयुष्यभर उजवाच डोळा लावत आलोय.

मी जो ओरडलो तो वरच्या आळीला ऐकू गेला असेल. संयोगिता पिठाच्या हातानं धावत आली. मी म्हटलं, "माझ्या डोक्याला काय झालेलं न्हाय!" ती म्हणाली, "भिंतीकडं बघून एक डोळा झाकून बोंबलणाऱ्याला काय झालेलं न्हाय व्हय?" मग सगळं सांगितलं. गुडघ्याचं सुद्धा. आधी ती चिडली, मला न सांगता अक्काला सांगितलंत म्हणून. मग मी म्हटलं होतं तशी रडली. मग तिनंही एक डोळा झाकून सूत बघितलं, दुसरा झाकून बघितलं. तिचं एकच हाय, दोन्हीकडनं.

परवा कोल्हापूरला जाऊन डोळे दाखवून आलो. उजव्यात मोतीबिंदू. डॉक्टरीण बाईंनी समजावून सांगितलं, की डोळ्यातलं भिंग कुठंतरी जास्त गढूळ, कुठं कमी असं झालं की एका रेघेच्या दोन दिसू शकतात. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो. म्हणजे तू लिहिलंस तेच, फक्त त्यांनी फी घेतली. मी विचारलं, "आणि डोकं?" त्या म्हणाल्या, "डोक्याबद्दल शंका असेल तर त्याची वेगळी तपासणी असते, करून घ्या. पण हे दोन दिसणं तुमच्या डोळ्याचं आहे." करून घेतली. तीही तिथंच, दुसऱ्या डॉक्टरकडं. उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मी त्यांना चंदगड ते पारगड सगळे थांबे येतानाचे आणि जातानाचे म्हणून दाखवले. ते म्हणाले पुरे, पुरे.

येताना गाडीत खिडकीला बसून मी रडलो, ते काही केल्या थांबेना. कंडक्टर नवीन पोरगी होती, वर्षाराणी. तिनं विचारलं, "पावणं, काय झालं? कोण वारलंय काय?" म्हटलं, "न्हाय बाई, मोतीबिंदू झालाय." ती म्हणाली, "त्यात काय एवढं रडायचं?" म्हटलं, "आनंदानं रडतोय." तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "आधी तिकीट दाखवा." चांगली कंडक्टर होणार ती.

तुझं अर्ध्या वर्साचं मी परत परत वाचलं. रस्ता तोंडानं म्हणत यायचीस ते. मी पण म्हणत होतो अक्का, थांबे. रोज रात्री झोपताना, चंदगड ते पारगड. त्या डॉक्टरांना वाटलं मी हुशारी दाखवतोय.

पुढच्या वेळी काही दिसायला लागलं, नाहीतर दिसायचं बंद झालं, तर आधी मला कळव. मेहमुदाच्या आधी.

जोतीराम

चंदगड, १६ मार्च

अक्का,

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पट्टी काढली आणि पहिल्यांदा संयोगिताच दिसली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही कोण?" तिनं हातातला पेला माझ्या अंगावर रिकामा केला. डॉक्टरीण बाईंनी तिला सांगितलं, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. मस्करी माझी आणि बोलणी बिचारीला बसली. असली मस्करी मी परत करणार न्हाय, पण त्या वेळी केल्याशिवाय राहवलं न्हाय.

पांढरा रंग इतका पांढरा असतो हे मी विसरलोच होतो. सोप्याची भिंत पिवळी पडली म्हणून मी रंगाऱ्याला बोलावणार होतो. भिंत पांढरीधोप हाय. पिवळा मीच पडलो होतो.

डॉक्टरांनी रानात जायला परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या सकाळी राजवर्धन आणि क्रांतीला बोलावून घेतलं. लालासाब डबा घेऊन होताच. वाटेत दोघांना सांगून टाकलं, की त्या दिवशी पाखरू उडालं नव्हतं, उडालो मी होतो. राजवर्धन म्हणाला, "ते कळलंतं काका." क्रांती म्हणाली, "तेव्हापासनं मी यांच्या मागं लागलेय, काकांना फोन करा, काहीतरी बरं न्हाय त्यांचं." आणि मी त्या पोरीला मनातल्या मनात किती शिव्या घातल्यात!

तोच किंजळ. जरा वाट बघायला लागली, पण आला. मी स्कोप लावला आणि डोळा लावायच्या आधी हात जोडले, कुणाला ते माहीत न्हाय. एक रेघ. जाडसर, काळी, एकच. डावा डोळा लावला, एक. परत उजवा, एक. धाकटा! मला वाटलं बास, आता घरी गेलं तरी चालेल.

आणि तेवढ्यात पलीकडच्या नाना जातीच्या झाडावर दुसरा येऊन बसला. स्कोप फिरवला, उजवा डोळा लावला. दोन रेघा. ऑपरेशन वाया गेलं, डोळ्याचं नव्हतंच ते, डोक्याचंच होतं, असं सगळं एका दमात मनात येऊन गेलं. मग तुझं ऐकू आलं. गप बस आन नीट बघ. उजवा झाकला, डावा लावला. दोन. डाव्या डोळ्याला कधी काही झालेलंच न्हाय, तरी दोन. चोच बघितली, थोरल्याची असते तशी लांब. वाट बघत राहिलो. बेणं खोडावरनं वर सरकलं आणि एकदाची त्यानं पाठ दिली. मान पांढरी. अस्सल थोरला!

मी इतक्या मोठ्यानं "थोरला!" म्हणून ओरडलो की दोन्ही पाखरं उडाली. राजवर्धन कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, फोटो राहिला की." मी म्हटलं, "राहू दे. दोन रेघा होत्या का न्हाय?" "होत्या." "दोनच?" "दोनच काका, दोनच." लालासाब म्हणाला, "दोन असोत का चार, आता डबा सोडायचा का न्हाय?" त्या दिवशीचा डबा मी आणि लालासाबनं मिळून संपवला. किती दिवसांनी जेवण गोड लागलं.

मोजणी माझ्याविना झाली, ती झाली. पुढच्या वर्षी हाय की.

तुझं सूत अजून भिंतीला हाय. हिनं भिंत पुसताना काढायला घेतलं, मी काढू दिलं न्हाय. रोज सकाळी चहाच्या आधी एक डोळा झाकून बघतो, मग दुसरा. आता हीही बघते. लालासाब आला की तोही बघतो, त्याला वाटतं ही काहीतरी पूजा हाय.

रविवारी येतोय. सकाळच्या गाडीनं निघतो, गडहिंग्लजला बदलतो, दुपारी जेवायच्या वेळेला पोचतो. काजूचे ओले गर आणतोय, तुला उसळ करायला. संयोगिता पण येतीय. मेहमुदाला पण बोलावून ठेव, तिला माझ्याकडनं काहीतरी द्यायचंय.

त्या दिवशी पाव्हण्यांसमोर तू काय बोललीस ते मी विसरलो न्हाय. मी काय बोललो ते तूही विसरली नसशील. दोघांचीही डोकी शाबूत हायत, म्हणजे भांडण होणार. होऊ दे. पण आधी ताट वाढ. डाळ घालून आमटी कर. आणि मग तुला काय बोलायचंय ते बोल, या वेळी मी जेवून झाल्याशिवाय उठत न्हाय.

तुझा धाकटा,
जोतीराम